डाव्या हाताचा काप

चोवीस डिसेंबरची सकाळ. सोलांज सायार सिंकपाशी उभी राहून ब्रशने बटाटे घासत होती. आमच्याकडे चीजबरोबरचे बटाटे सालीसकट उकडतात, त्यामुळे माती राहून चालत नाही. त्या दिवशी तर मुळीच चालणार नव्हती, कारण संध्याकाळी लिओंहून व्याही येणार होते. मुलाचं लग्न जूनमध्ये व्हायचं होतं, पण सोलांज त्यांना व्याहीच म्हणायला लागली होती. कॉफी गार होत होती. घाटात किती बर्फ पडलाय ते रेडिओवर सांगत होते.

दारावर दोन थापा पडल्या आणि पाठोपाठ बूट झटकल्याचा आवाज आला. म्हणजे नोएली.

"आत नाही येत, बूट ओले आहेत," नोएली म्हणाली. पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली चीजची लाकडी डबी तिनं पुढं केली. "एवढी ठेव. सहा वाजता घेऊन जाते. माझ्या तळघरात अजून घोट्याएवढं पाणी आहे. आणि लेकीनं आल्याआल्या घर असं तापवलंय की चीजचं सोड, मीच वितळायची."

"ठेवते की. नाव घातलंस?"

"घातलंय. वरच्या फळीवर ठेव हं. खालची ओल लागते."

"एकतीस वर्षं डेअरीत मी काय फरशी पुसत होते?"

"तसं नाही गं." नोएलीनं हातमोजे चढवले, मग उगाच परत काढले. "एकच आहे, म्हणून म्हटलं."

सोलांजनं डबी खाली नेली आणि वरच्या फळीवर ठेवली. झाकणावर खडूनं मोठा 'नो' काढलेला होता.

सोलांजचं तळघर उत्तरेच्या अंगाला, खडकात खोदलेलं. तिथं थंडी असते पण गोठवणारा गारठा नसतो, आणि ओल असलीच तर अगदी खाली. तिच्या सासूच्या काळापासून आमच्या गल्लीतली पाच-सहा घरं हिवाळ्यात आपापल्या डब्या तिथं ठेवत आली आहेत. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा माझ्या सासूनं पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, "बँकेवर विश्वास ठेवू नकोस, पण सोलांजच्या फळीवर ठेव." सोलांज कुणाला त्याची डबी परत देताना सुकलंय की पिकलंय ते आपणच बोटानं दाबून बघायची, आज खा, उद्या खा, असं सांगायची. तिचं बोट दाबून झालं की आम्ही निर्धास्त.

ते बोट तयार झालं गावच्या डेअरीत. आमचं हे हिवाळी चीज इतकं मऊ असतं की आधाराशिवाय बसकण मारतं. म्हणून ते ओलं असतानाच त्याच्या कमरेला स्प्रूसच्या झाडाच्या आतल्या सालीचा पट्टा बांधतात, आणि मग त्याच्यापेक्षा किंचित लहान डबीत दाबून बसवतात. जागा पुरत नाही म्हणून चीजच्या वरच्या सालीला लाटा येतात. एकतीस वर्षं सोलांजनं एवढंच केलं: पट्टा गुंडाळायचा, दाबायचा, पुढची डबी. नोएली तिच्या शेजारच्या स्टुलावर. आणि पट्टे आणून देणारा नोएलीचा नवरा, आर्मां. वसंतापासून तो रानात असायचा, पाडलेल्या झाडांची साल सोलून आतली मऊ साल पट्ट्यापट्ट्यानं काढायचा, वाळवून जुड्या बांधायचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, साल काढायच्या हंगामाच्या दुसऱ्या दिवशी, तो रानातच वारला. एका ओंडक्यावर बसलेला सापडला.

साडेअकराला सोलांजच्या अंगणात गाडी थांबली.

"आई, घाट दुपारी बंद करणार म्हणाले, म्हणून पहाटेच निघालो," तिचा मुलगा लोइक सामान उतरवत म्हणाला. मागून त्याची होणारी बायको अगात, आणि मागच्या सीटवरून अवघडून उतरणारे तिचे आईवडील. "सगळ्यांना भूक लागलीय. पटकन काहीतरी गरम कर ना."

"अरे, सॉसेज शिजायला तासभर तरी लागेल."

"मग डबी टाक ओव्हनमध्ये. अर्ध्या तासात होते."

वेर्नेबाई, म्हणजे अगातची आई, कोट काढायच्या आधीच स्वयंपाकघरात आल्या. बाई मनानं चांगल्या, फार उत्साही. "विहीणबाई, तुमच्या हातचं चीज म्हणून मी सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलंय. ओव्हनमध्ये जायच्या आधी मला दाखवा हं. फोटो काढायचाय."

सोलांज खाली गेली.

तिची स्वतःची डबी खालच्या फळीवर होती. निवृत्त बायकांना डेअरी दर नाताळला एक डबी देते. ती विकाऊ मालातली नसते, कुठंतरी साल तडकलेली असते. चव तीच. त्या वर्षीच्या डबीला बरोबर मधून चीर होती, त्यातून चीज झिरपून कडेला पिवळं वाळलं होतं. एकतीस वर्षं जी बाई लोकांच्या टेबलावर लाटा पाठवत होती तिच्या वाट्याला हे. एरवी तिला कधी खुपलं नव्हतं. त्या दिवशी वर मोबाइल घेऊन विहीण उभी होती.

तिनं नोएलीची डबी उघडून बघितली. पहिल्या बर्फावर वारं फिरून जावं तशी साल. डेअरीचं दुकान चारपर्यंत उघडं असतं, तोवर अशीच दुसरी आणून ठेवू, असा तिनं विचार केला. सहाला नोएली येईल, तिला डबी मिळेल. एका चीजच्या जागी दुसरं चीज.

झाकणावरचा 'नो' तिनं एप्रनला पुसला.

वर वेर्नेबाईंनी चार बाजूंनी फोटो काढले. मग सोलांजनं झाकण डबीच्या खाली घातलं, बाहेरून फॉइल गुंडाळली, सुरीनं चीजच्या मधोमध खड्डा केला.

"लसूण किती?" वेर्नेबाई अगदी खांद्याशी उभ्या होत्या.

"दोन पाकळ्या. कडेला खोचायच्या."

कडेला लसूण खोचताना तिचा अंगठा पट्ट्याची टोकं जिथं एकावर एक येतात तिथं गेला, आणि थांबला.

पट्ट्याचं टोक तिरपं कापायची रीत आहे, म्हणजे जोड सपाट बसतो. डेअरीला पट्टे देणारी माणसं तीन. दोघांचा काप एका बाजूला तिरपा. आर्मां डावरा होता. त्याचा काप उलटा. त्याची जुडी आली की स्टुलावरच्या बायका कुरकुरायच्या, कारण हात उलटा फिरवावा लागायचा. "नोएली, तुझ्या नवऱ्याला उजवा हात कधी येणार?" हे सोलांजनंच हजारदा म्हटलं असेल. त्याच्या शेवटच्या जुड्या सप्टेंबरातच संपल्याचं सगळ्या गावाला ठाऊक होतं.

म्हणजे नोएलीनं एक पट्टा मागं ठेवला होता. तिनं तो या चीजला स्वतः बांधला होता, आजच्यासाठी, लेक मिरेय मार्सेयहून घरी आल्यावर ओव्हनमध्ये लावायला.

एकच आहे, म्हणून म्हटलं.

"काही राहिलं का?" वेर्नेबाईंनी विचारलं.

"नाही," सोलांज म्हणाली, आणि खड्ड्यात पांढरी वाइन ओतली.

पुढं वर्षभरानं हे मला सांगताना ती याच जागी अडकली. "फोटो निघाला होता," ती म्हणाली. "डबी खाली नेऊन ठेवायची, माझी तडकलेली आणून भाजायची. भाजल्यावर चीर कुणाला दिसते? इतकं साधं. पण त्या बाईसमोर मी काय कारण सांगणार होते?" मग म्हणाली, "कारणं पुष्कळ होती गं. मला एकही सांगायचं नव्हतं."

पंचवीस मिनिटांत ते फुगून सोनेरी झालं. डबी टेबलाच्या मधोमध ठेवली. पाव, हॅम, बटाटे. सगळे तुटून पडले. वेर्ने महाशय अबोल गृहस्थ, पण तीनदा चमचा घालून म्हणाले, "लिओंला आम्ही जे खातो ते मग काय असतं?" लोइक आईकडे बघून हसला. किती दिवसांनी तो तिच्याकडे असं अभिमानानं बघत होता. सोलांज दुसऱ्यांच्या ताटात बटाटे वाढत राहिली.

डबी रिकामी झाली. वेर्ने महाशयांनी काट्यानं पट्टा उचलला. "हा खायचा असतो?"

"नाही काका," लोइक म्हणाला, "ते झाडाची साल खाणं होईल. चाटून टाकून द्यायचा."

त्यांनी तो सुरीनं नीट खरवडला, शेवटचं चीज पावाला लावलं, आणि हात लांब करून पट्टा शेगडीत टाकला. राळ अजून जिवंत होती. भपकन ज्योत उठली आणि खोलीभर रानाचा वास पसरला.

"वा," वेर्नेबाई म्हणाल्या. "अख्खं जंगल घरात आलं."

सगळ्यांनी श्वास ओढून घेतला. सोलांज पाव आणायला उठली. पाव टेबलावरच होता.

तीन वाजता ती डेअरीत गेली. दुकानातली प्रत्येक डबी उघडून बघितली. विकणारी पोरगी म्हणाली, "मावशी, आता काय परीक्षा घेताय आमची?" त्यातली सर्वांत देखणी तिनं घरी आणली, झाकणावर खडूनं 'नो' काढला. पहिला जास्त वाकडा आला म्हणून पुसून पुन्हा काढला.

सहाला नोएली आली. या वेळी आत आली, पाहुण्यांना नमस्कार केला, वेर्नेबाईंनी तिलाही तो फोटो दाखवला. तिनं तो जरा वेळ बघितला. मग सोलांजच्या हातातून डबी घेतली, झाकण उचललं, आणि चीजच्या कडेवरून अंगठा फिरवला. जोडापाशी आल्यावर अंगठा थांबला.

"छान पिकलंय," नोएली म्हणाली. "येते. लेक वाट बघतेय."

बस, एवढंच.

त्यानंतर नोएलीची एकही डबी सोलांजच्या फळीवर आली नाही. गल्लीच्या टोकाला पान्ये म्हणून आहेत, त्यांच्या तळघरात ती ठेवायला लागली. तिथं इतकी ओल की चीजवर केसासारखी बुरशी चढते. नोएलीला हे आमच्यापेक्षा जास्त कळतं. ती बुरशी खरवडून खात होती, पण सोलांजच्या दारात येत नव्हती. भेटली की बोलायची, चर्चमध्ये शेजारी बसायची. कुणी विचारलं तर सोलांज सांगायची, "तिचं तळघर कोरडं झालंय आता." आणि त्याच गल्लीतून नोएलीच्या पंपाचा पाइप दिवसभर पाणी ओकत असायचा. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. पण माझी डबी द्यायला गेले की सोलांज ती दोन्ही हातांनी घ्यायची आणि लगेच विचारायची, "नाव घातलंस ना?"

जूनमध्ये लग्न झालं. वेर्नेबाईंनी तो फोटो फ्रेम करून भेट दिला. सोलांजनं तो कपाटात, टेबलक्लॉथांच्या खाली ठेवला.

या डिसेंबरात तिनं मला हे सगळं सांगितलं. मी तिच्याकडे अक्रोड फोडत बसले होते. सांगून झाल्यावर तिनं एप्रन काढला आणि कोट घातला.

"गल्लीत बर्फ घट्ट झालाय. सोबत येतेस?"

मी तिला हात धरून नेलं. नोएली स्वयंपाकघरात होती, पिठाचे हात. आम्हाला बघून तिनं खुर्च्या ओढल्या. सोलांज बसली नाही.

"गेल्या नाताळची तुझी डबी मी पाहुण्यांना घातली," ती म्हणाली. "लसूण खोचताना पट्टा ओळखला होता. ओळखून घातली. नंतरची दुकानातली होती."

नोएलीनं हात पुसले. "मला काय डोळे नाहीत? फोटोतच दिसलं. आणि 'नो' तर तू शाळेतल्या पोरीसारखा काढला होतास." मग तिनं विचारलं, "पट्टा कुठाय?"

"शेगडीत गेला."

"तू टाकलास?"

"व्याह्यांनी. मी थांबवलं नाही."

शेगडीवरचं भांडं उकळत होतं. नोएलीनं झाकण सरकवलं.

"पेटला असेल छान," ती म्हणाली. "आर्मां सगळा माल नीट वाळवायचा."

"हो. वास खोलीभर झाला होता."

"वास घेतलात म्हणजे तुम्ही. मिरेयला मी सांगून ठेवलं होतं, बाबांचा पट्टा आहे म्हणून. तिनं दुकानातला पट्टा धुऊन मार्सेयला नेलाय. पाकिटात घालून. तिला मी अजून सांगितलेलं नाही."

सोलांजनं खुर्चीची पाठ धरली. मला वाटलं आता बसेल, पण ती तशीच उभी राहिली. खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर, हीटरच्या अगदी वर, एक डबी ठेवलेली होती. तिच्यावर 'नो' होता. कडेनं चीज घाम फुटल्यासारखं ओलं झालं होतं.

सोलांजचं लक्ष तिकडे गेलं.

"नोएली," ती म्हणाली, "ही डबी माझ्या फळीवर ठेवू दे."