भांडी घासू नका: एका पत्रकाची दुरुस्ती

मी लिहिलेल्या पत्रकांपैकी लोकांनी सगळ्यात जास्त मनावर घेतलेलं पत्रक चुकीचं होतं. दुष्काळाच्या वर्षी, लातूरच्या एका खासगी मुलींच्या वसतिगृहात, गादीवर पालथी पडून मी ते एका बैठकीत लिहिलं. मथळा होता, 'भांडी घासू नका.'

पत्रकं माझ्या घरातच होती. बाबा देवणीत शिवणकाम करायचे आणि आमच्या भागाचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून झटणाऱ्या समितीत होते. मशीनखाली कापडाच्या तुकड्यांशेजारी गुलाबी पत्रकांचे गठ्ठे असत. एका दाखल्यासाठी माणसाचा अख्खा दिवस एसटीत कसा जातो, हे त्यात लिहिलेलं असे. मी त्यांच्यावर वाचायला शिकले आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर गणितं सोडवली. एकदा बाबांनी छापलं, की तलाठी मुद्दाम सभेला आले नाहीत. नंतर कळलं, ते स्वतःच्या आईला घेऊन दवाखान्यात होते. बाबांनी तेवढ्याच आकाराचं दुसरं पत्रक काढलं आणि पहिलं जिथं जिथं गेलं होतं त्या प्रत्येक दुकानात सायकलवर जाऊन स्वतः दिलं. लोक हसले. बाबाही हसले, पण एकही दुकान त्यांनी सोडलं नाही.

वसतिगृहात आम्ही एकमेकींना गावाच्या नावानं हाक मारायचो. मी 'देवणी'. मी तावातावानं बोलायला लागले की मुली माझ्या डोक्याला शिंगं फुटलीत का ते बघायच्या. देवणीची गाई-बैलांची जात नावाजलेली आहे ना. माझ्या खोलीत 'इस्लापूर' राहायची. उंच, काटक, बोलायला कमी. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज उजाडताच कॉलेजच्या मैदानावर जायची आणि मी तोंड धुवायच्या आत परत यायची. घरच्यांनी तिला एकच भरती दिली होती. तिच्यात झालं तर झालं, नाहीतर उन्हाळ्यानंतर लग्न. मुलगाही बघून ठेवला होता.

खाली घरमालकीण अक्का राहायच्या. पुढं त्यांचं किराणा दुकान, मागं आमची मेस. सकाळी लिंगपूजेला त्या ओंजळभरच पाणी घेत आणि तेही बेलाच्या रोपाला घालत. आठवड्याला एक टँकर मिळायचा, त्यात आंघोळ, कपडे, सगळं. रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही गच्चीवर जाऊन स्टेशनच्या दिशेनं बघितलं होतं, जणू ते तिथून दिसणार होतं. अक्का म्हणाल्या, स्वयंपाकापुरतं पाणी निघेल, पण तीस जणींची ताटं धुवायला कुठून आणू. आपापलं ताट जिनं तिनं पुसून ठेवावं, राखेनं घासावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलींना ते गावंढळ वाटलं. मलाही.

मग मी पत्रक लिहिलं. एक ताट धुवायला एक तांब्या पाणी जातं. रस्त्यापलीकडच्या गाड्यावर कागदी प्लेट मिळते. खा, टाका, पाणी वाचवा. शेवटची ओळ मला फार आवडली होती: 'जी ताट धुते, ती शेजारणीच्या तोंडचं पाणी ओतते.' बारा खोल्यांच्या दारांवर आणि जिन्यापाशी एक, असं मी ते चिकटवलं. चार दिवसांत मेस बंद पडली. अक्कांनी मोठी पातेली पालथी घालून ठेवली.

खरं सांगायचं तर ते दिवस मजेचे होते. सकाळी वडापाव, दुपारी चिवडा नाहीतर समोसा, संध्याकाळी नूडल्स आणि मंचुरियन. लाल सॉस, हिरवा सॉस, वरून कच्चा कोबी. सोबत थंड पेयाची बाटली, दोघींत एक. गाडेवाला भला माणूस होता. आम्हाला प्लेट भरून द्यायचा आणि स्वतः मात्र गाड्यामागं स्टुलावर बसून घरच्या डब्यातली भाकरी खायचा. मी हे रोज बघत होते. त्याचा अर्थ लावावा असं मला कधी वाटलं नाही. मी तेव्हा पाणी वाचवत होते.

आधी माझी जीभ सोलली. मग छातीत जळजळ सुरू झाली आणि बाजूच्या खोलीतली मुलगी पोट साफ होत नाही म्हणून रडकुंडीला आली. आम्ही उन्हाळ्याला बोल लावला, टँकरच्या पाण्याला लावला. मी तर टँकरवाल्याविरुद्ध पत्रकाचा कच्चा खर्डाही करून ठेवला होता. इस्लापूरची ट्रॅकपँट कमरेला घट्ट झाली होती, आणि तरी तिचा चेहरा उतरलेला होता. ती मैदानावरून उशिरा यायला लागली. विचारलं की म्हणायची, पाय भरून येऊन राहिले.

भरतीला सात आठवडे उरले असताना ती मैदानावरच खाली बसली. एका मुलीनं मला बोलावून आणलं. इस्लापूरला ऑटोत घालून मी सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, रक्तदाब बघितला, वजन केलं. रक्त कमी होतं, वजन वाढलेलं, आणि रक्तदाब तिच्या वयाला शोभणार नाही असा. मग त्यांनी तिला गेल्या चार दिवसांत काय काय खाल्लं ते सांगायला लावलं. ती सांगत गेली तसं मलाच ऐकवेना. त्यात भाजी म्हणजे तो कोबी, आणि डाळ म्हणजे काहीच नाही. मी मध्ये बोलले. पाण्याची टंचाई आहे, म्हणून आम्ही ठरवून हे करतोय, असं समजावलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"इतकं खारट खाऊन तुम्हाला तहान किती लागते गं?" त्यांनी विचारलं. "ताटाचं पाणी वाचलं. घशाचं मोजलं का?"

मी मोजलं नव्हतं. खोलीतला माठ पूर्वी दोन दिवस जायचा, आता संध्याकाळीच रिकामा व्हायचा. ते मला माहीत होतं आणि मी त्याचंही खापर उन्हाळ्यावर फोडलं होतं. बाईंनी गोळ्या दिल्या, पण म्हणाल्या की नुसत्या गोळ्यांनी रक्त भरत नाही, ताटात काय आहे ते बघा. एखाद्या दिवशी गाड्यावर खाल्लं म्हणून कुणी मरत नाही, पण गाडा म्हणजे तुमची चूल नव्हे. सात आठवड्यांत होईल का, या प्रश्नाला त्यांनी हो म्हटलं नाही. बघू, म्हणाल्या.

परतताना इस्लापूर ऑटोत एकच वाक्य बोलली. "तुझं पत्रक सगळ्यांत आधी मीच वाचलं होतं, देवणी."

त्यात राग असता तर बरं झालं असतं.

मी बाबांना फोन लावला. मनात होतं, ते म्हणतील, तुझा हेतू चांगला होता. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, पहिलं किती दारांवर लावलं होतं. मी म्हटलं, बारा, आणि जिन्यापाशी एक. "मग दुसरं तितक्याच दारांवर," ते म्हणाले, आणि मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.

माझ्या ट्रंकेत नव्या जिल्ह्याची जुनी गुलाबी पत्रकं होती. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी हातानं तेरा प्रती लिहिल्या. मथळा, 'भांडी घासा.' खाली लिहिलं की मागचं पत्रक माझं होतं आणि ते चूक होतं. पाणी वाचलं नाही, उलट जास्त लागलं. आपल्यातली एक मैदानावर बसली. हा भाग लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पुढचा भाग सोपा गेला, कारण त्यात भांडण होतं: माणसाला जेवण रांधायला पाणी मिळत नसेल तर ते मागायचं असतं, जेवण सोडायचं नसतं. मग आधी पहिलं फाडून त्याच जागी दुसरं चिकटवलं. काही मुली हसल्या. एकीनं विचारलं, आता तिसरं कधी.

अक्कांसाठी एक चौदावी प्रत लिहिली आणि ती घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली आणि उलटी करून गुलाबी बाजूही वाचली.

"जिल्हा व्हायचा तेव्हा होईल," त्या म्हणाल्या. "पातेली उताणी कर आधी."

अक्कांची रीत साधी होती. आपल्या वाट्यातला एक तांब्या प्रत्येकीनं सकाळी चुलीपाशी आणून ठेवायचा. ज्वारीची भाकरी हातावर घ्यायची, तिच्यावरच घट्ट पिठलं किंवा मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कांदा. भाकरीच ताट. वरण वाटीत, आणि वाटी राखेनं घासून कपड्यानं पुसायची. ज्याला गावंढळ म्हणून मी हसले होते, नेमकं तेच. पहिल्या दिवशी नऊ तांबे आले. आठवडाभरात बावीस. बाकीच्या गाड्यावरच जात राहिल्या, आणि मी त्यांच्या दारात भाषणं केली नाहीत, हे माझ्या मानानं पुष्कळ होतं. आम्ही काही जणी नगरसेवकांकडे जाऊन स्वयंपाकासाठी जास्तीचं पाणी मागून आलो. दोन खेपांनंतर एक ड्रम मिळाला.

इस्लापूर पहिले आठ दिवस नुसती चालली. मग चालणं आणि पळणं. तिला गाड्याची आठवण यायची; तव्यावर सॉस पडल्याचा वास आला की खिडकी लावून घ्यायची आणि म्हणायची, लई छळून राहिला हा. मी गूळ-शेंगदाणे पुढं करायचे. तिसऱ्या आठवड्यात तिला पुन्हा भूक लागायला लागली, खरी, दुपारी बाराला लागणारी. पाचव्या आठवड्यात, मी तोंड धूत असताना ती मैदानावरून परत आली.

चाचणी नांदेडला होती. तिच्याबरोबर मी गेले. अक्कांनी धपाटे आणि दही बांधून दिलं होतं. मला कुंपणाबाहेर उभं केलं. शंभर मुली पळत असताना आपली ओळखायला येत नाही, पण शेवटच्या फेरीत तिची लांब ढांग मला दिसली. ती पहिल्या दहांत नव्हती. मधल्या घोळक्यात होती, तोंड उघडं, हात सैल सुटलेले. रेघ ओलांडून ती खाली बसली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि घड्याळ धरलेल्या बाईंकडे बघत राहिली. त्यांनी मान हलवली आणि तिचा क्रमांक पात्र असलेल्यांच्या बाजूला लिहिला. लेखी परीक्षा अजून बाकी होती. पण घरी फोन करण्यापुरतं तिच्याकडे आता काहीतरी होतं, आणि तो फोन तिनं तिथंच केला. पलीकडून कोण काय बोललं ते मला ऐकू आलं नाही. ती एवढंच म्हणाली, की त्या मुलाकडच्यांना थांबायला सांगा.

फाटकाबाहेर नूडल्सचा गाडा होताच. आम्ही कडुलिंबाच्या सावलीला बसून धपाटे खाल्ले. मी पिशवीतून एक गुलाबी कागद काढला आणि कोरी बाजू वर केली.

"काय लिहायली?" तिनं विचारलं.

म्हटलं, तुझ्याबद्दल, जिन्यापाशी लावायला.

"पोचली, एवढंच लिही," ती म्हणाली. "पहिली आली असं नको लिहू. वाढवायची सवय हाय तुला."

मी तेवढंच लिहिलं.