न फुटलेले धागे

आमच्या लॅबमध्ये पेशींना मज्जातंतू वाढवणारं प्रथिन दिलं, की त्यांना बारीक धागे फुटतात. त्या दिवशी मी पेशींतल्या प्रथिनांना मिथाइल हा इवलासा अणुगट चिकटू न देणारं औषध आधी घातलं होतं. धागा एकही फुटला नाही. एवढ्याशा गोष्टीवाचून सगळं अडतं?

चाकणला कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर नवऱ्याच्या मनगटातला मज्जातंतू तुटला होता. डॉक्टर म्हणाले, शिवलाय, हळूहळू वाढेल. वाढेल म्हणे! कशाच्या भरवशावर?

रावेतला घरी पोचले, तर तो ओट्याशी चहा गाळत होता.

"बघ, हातात जोर आला," तो हसत म्हणाला.

उकळतं पातेलं त्यानं सांडशीशिवाय, त्याच हातानं धरलं होतं. तो हसतच होता. कातडी जळाल्याचा वास आधी मला आला.