दहा दिवस नक्की कोणाचे
शब्दांच्या बाबतीत मी कजाग आहे. शीळफाट्याजवळच्या आमच्या साइटवर कामाच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर मी सांभाळायचे, आणि कोणी माइलस्टोनला टास्क म्हटलं की त्याला तिथल्या तिथे सुधारायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

त्या इमारतीत जमीनमालक काकांना घर मिळणार होतं. त्यांचं घराणं पूर्वी मिठागरात राबलेलं. तोवर ते विठ्ठलवाडीला भाड्याने राहत होते. लेकीची हळद स्वतःच्या घरात व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि आगरी माणसाला हळद म्हणजे लग्नाहून मोठी. दर सोमवारी ते येऊन स्क्रीनवरच्या एकेका कामाच्या पट्ट्या बघत बसायचे.

प्लास्टर, लादी, रंग ही एकामागून एक होणारी कामं. तिन्हींपुढे 'टोटल फ्लोट दहा दिवस' असं दिसत होतं, म्हणजे तिन्हींत मिळून दहा दिवसांची सवड. मी मात्र घाईत एकेका मुकादमाला गाठून सांगितलं, तुम्हाला दहा दिवस फ्लोट आहे. 'टोटल' मीच खाल्लं. प्लास्टरवाल्याने दहा घेतले, लादीवाल्यानेही दहा घेतले. महिनाअखेरीला झालेलं काम सॉफ्टवेअरमध्ये भरलं आणि सगळ्या पट्ट्या लाल झाल्या. घराचा ताबा हळदीच्या पुढे गेला होता.

सोमवारी काकांना सगळं खरं सांगितलं. टोटल फ्लोट सगळ्यांचा मिळून, फ्री फ्लोट ज्याचा त्याचा, असं समजावायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"आमचे मिठागरान भरतीचा पानी येकच. वरच्यान जास्त घेतला का खालच्याला कमी. तू सगल्यांना पुरा दाखवलास, बाय."

मी थक्क झाले. परीक्षा देऊन, प्रमाणपत्र भिंतीवर लावून जे मला धड कळलं नव्हतं, ते हा माणूस स्क्रीनकडे नुसता बघून एका दमात बोलला होता. त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटले, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

हळद विठ्ठलवाडीच्या भाड्याच्या घरात झाली. लेक परक्या दारातून सासरी गेली.

पुढच्या सोमवारी काका आले. नखं अजून पिवळी होती. आता नव्या घरात ते आणि काकू दोघंच राहणार होते. त्यांनी रंगाच्या मुकादमाला शेजारी बसवलं आणि मला विचारलं,

"आता किती दीस रायले, बाय, आनि ते कोनाकोनाचे?"