खांबेट्यांची सही

श्रीनिवास खांबेटे यांना विजेच्या एकचाकीवर उभं राहता येत नव्हतं आणि तशी त्यांची इच्छाही नव्हती. ज्या वाहनाला हँडल नाही, सीट नाही आणि दुसरं चाकही नाही, त्याला वाहन म्हणणं ही गिऱ्हाइकाची उघड चेष्टा आहे, असं ते म्हणत. हे ते जिथे म्हणत ती कंपनी नेमकी हेच वाहन बनवायची, आणि खांबेटे तिथे मुख्य तपासनीस होते. लोणी काळभोरच्या अलीकडे सोलापूर रस्त्याला लागून एक मोठी पत्र्याची शेड होती, तोच कारखाना. खांबेटे नवी पेठेतून स्कूटरवरून साडेआठच्या ठोक्याला तिथे हजर व्हायचे आणि काल कोणी काय चुकवलं ते सांगून दिवसाची सुरुवात करायचे. तीस वर्षं पंपाच्या कारखान्यात हेच केल्यामुळे त्यांचा हात चांगला बसला होता. तो कारखाना बंद पडल्यावर ते दोन महिने घरी होते. त्या दोन महिन्यांत त्यांनी कुकरच्या शिट्ट्यांची नोंद ठेवायला घेतली, तेव्हा त्यांच्या पत्नीने, आनंदीबाईंनी, स्वतः पेपरातली जाहिरात कापून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

एकचाकी म्हणजे दोन पोटऱ्यांच्या मध्ये धरायचं जाडजूड चाक. दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पट्ट्या. पुढे झुकलं की ते पळतं, मागे झुकलं की थांबतं, आणि माणसाचा तोल आतली मोटर सांभाळते. अर्थात मोटरला वीज मिळत असेल तोवर. वीज निमिषभर तुटली तरी माणूस थेट तोंडावर येतो.

कंपनी काढली इंद्रजीत काळभोरने. वडिलोपार्जित जमीन रस्त्यात गेली, मोबदला आला, आणि बाकीच्या भावबंदांनी मंगल कार्यालयं बांधली तेव्हा या गड्याने परदेशात पाहिलेलं हे चाक बनवायचं मनावर घेतलं. पहिलं चाक खंडेनवमीला तयार झालं. पूजेला आलेल्या गुरुजींनी विचारलं, "मोटारीला चार लिंबं, स्कूटरला दोन. याला किती?" खांबेटे म्हणाले, "चाकं मोजा." एक लिंबू ठेवलं. इंद्रजीत फेटा बांधून चाकावर चढला, लिंबावरून गेला, आणि फेट्यासकट जमिनीवर आडवा झाला. नाकावर कुंकू किती आणि रक्त किती ते कुणालाच सांगता येईना.

सगळ्यांनी अपशकुन ठरवला. खांबेट्यांनी स्क्रू ड्रायव्हर मागवला. चाक उघडलं तर बॅटरीच्या वायरी जोडणारी क्लिप लिंबाच्या हिसक्याने सैल झालेली. घट्ट बसणारी, खटका असलेली क्लिप आली आणि त्या दिवसापासून नियम झाला, की प्रत्येक चाक लिंबावरून जाईल आणि खांबेट्यांची सही झाल्याशिवाय एकही खोकं शेडबाहेर पडणार नाही. मार्केट यार्डातून लिंबांचं पोतं येऊ लागलं. चाक चालवायला लोणीचीच दीपाली होती. तिला पडायची भीती नव्हती आणि खांबेट्यांचीही नव्हती, त्यामुळे दोघांचं जमलं.

इंद्रजीतचा कारभार सोपा होता. कोणी तक्रार घेऊन आलं की तो म्हणायचा, "काका नाय म्हनले ना? मग नाय." या पद्धतीने माल उत्तम निघत होता आणि हळू निघत होता. हळू निघणं भांडवल घालणाऱ्यांना मानवलं नाही. त्यांनी इंद्रजीतला संस्थापक ही पदवी दिली, त्याचा फोटो भिंतीवर लावला आणि त्याला घरी पाठवलं.

मग सौमित्र आला. त्याने आल्याआल्या खुर्च्या काढून जमिनीवर लोळायच्या गाद्या आणल्या आणि सगळ्यांनी सगळ्यांना नावाने हाक मारायची असं जाहीर केलं. खांबेट्यांना श्रीनिवास म्हणणारी त्यांची आई वारली होती. त्यानंतर हा.

"श्रीनिवास, हे काय आहे?" सौमित्रने खरेदीच्या यादीवर बोट ठेवलं. "लिंबं? सीरियसली? वुई आर अ टेक कंपनी."

"नारळ ठेवून पाहिला होता," खांबेटे म्हणाले. "जरा मोठा पडतो."

लिंबं बंद झाली. खटक्याची क्लिप जाऊन स्वस्तातली आली. तपासणी कॉम्प्युटरवर होऊ लागली आणि कॉम्प्युटर मोठ्या मनाचा निघाला, त्याने एकूण एक चाक पास केलं. खांबेट्यांनी दीपालीला एक चाक घेऊन फाटकाजवळच्या गतिरोधकावरून जायला सांगितलं. ती गेली आणि पुढचा अर्धा दात तिथेच ठेवून आली. खांबेट्यांनी रुमाल तिच्या तोंडाला लावला, तिला स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं, परत आले आणि सही करायचं थांबले.

सौमित्रने समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं. खांबेट्यांनी प्रत्येक वेळी तेच विचारलं, "आपण चढता का?" सौमित्र चढला नाही. एकशे साठ खोकी मागच्या गोदामात तशीच उभी राहिली. ती हैदराबादच्या एका मॉलच्या पहारेकऱ्यांसाठी होती, म्हणजे ज्यांना 'मी यावर चढणार नाही' असं साहेबाला सांगता येत नाही अशा माणसांसाठी. खांबेट्यांना हे सारखं आठवायचं आणि जेवण जायचं नाही. वर्ष संपता संपता सौमित्र नव्या संधीच्या शोधात निघून गेला. गाद्या आणि खोकी मागे राहिली.

तिसऱ्या आल्या शेफाली. शिकल्या पुण्यातच, त्यामुळे इथला माणूस ओरडून वळत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्या उठून उभ्या राहायच्या, "अहो खांबेटे, आपण बसा ना," म्हणायच्या. गाद्या काढून त्यांनी पुन्हा खुर्च्या आणल्या. तीन दिवस खांबेट्यांचं सगळं ऐकून घेतलं, वहीत टिपून घेतलं, एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली, की शनिवारी दुपारी तीन वाजता श्री. श्रीनिवास नारायण खांबेटे यांचा गुणवत्तेच्या चार दशकांच्या सेवेबद्दल जाहीर सत्कार होईल.

आता इथे खांबेट्यांची बाजू समजून घेतली पाहिजे. आयुष्यभर हा माणूस दुसऱ्यांच्या सत्काराला मागच्या रांगेत बसून निवेदकाच्या चुका काढत आला. चार दशकं नाहीत, अडतीस वर्षं झाली, हे त्यांनी शेफालींना जाऊन सांगितलं. पण जाताना ते इस्त्रीवाल्याकडे थांबले.

शनिवारी शाल आली, श्रीफळ आलं, काचेच्या चौकटीतलं मानपत्र आलं. त्यात त्यांना गुणवत्तेचा दीपस्तंभ म्हटलं होतं. एरवी कारखान्यात समुद्र कुठाय असं त्यांनी विचारलं असतं. त्या दिवशी विचारलं नाही. फोटोत काच चमकते म्हणून फोटोवाल्याने चष्मा काढायला सांगितला, तोही त्यांनी काढून खिशात घातला. डाव्या हातात नारळ, खांद्यावरून घसरणारी शाल, आणि शेफालींनी हसत पुढे केलेले तीन कागद. "क्वालिटीचे प्रमुख म्हणून आपली नेमणूक, मानपत्राची पोच, असंच सगळं. इथे, इथे आणि इथे." फोटोवाला म्हणाला, "सर, इकडे बघा." खांबेटे तिकडे बघत राहिले आणि हात इकडे सह्या करत राहिला. पंपाच्या कारखान्यात त्यांनी मालकाच्या लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा दोनदा वाचून घेतली होती.

मग त्यांना दोन शब्द बोलायची विनंती झाली. खांबेटे पंचावन्न मिनिटं बोलले. पंपापासून सुरुवात केली. मागून टेम्पोचे आवाज आले तेव्हा त्यांनी आवाज चढवला.

भाषण संपल्यावर दीपाली त्यांच्याजवळ आली. तिने टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"काका, मागचं गोदाम मोकळं हाय."

"मोकळं म्हणजे?"

"सगळी खोकी गेली. दोन टेम्पो भरून."

"कोणाच्या सहीने?"

"तुमच्याच."

खांबेट्यांनी चष्मा लावला. फार उशिरा लावला हे त्यांना त्याच क्षणी कळलं आणि कानशिलं तापली. शेफालींचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. अडतीस वर्षांची राखलेली सही कोणी पैशाने घेतली नव्हती, दमदाटीने घेतली नव्हती. एका शालीत गेली.

शेफाली केबिनमध्ये शांत बसल्या होत्या. "खांबेटे, मॉलमध्ये फरशी असते. गुळगुळीत. तिथे कोणी लिंबं ठेवत नाही."

"मॉलला पार्किंग असतं," खांबेटे म्हणाले. "पार्किंगला उतार असतो आणि उताराला गतिरोधक असतो. टेम्पो परत बोलवा."

"ही ऑर्डर गेली नाही तर पुढच्या महिन्यात कोणाचाच पगार होणार नाही. आणि आता प्रमुख आपण आहात. तक्रार आली तर ती आपल्याकडेच येईल."

खांबेटे उठले. तक्रार करायला येणारा माणूस दात हातात घेऊन येईल, हे सांगण्यात अर्थ नव्हता.

हैदराबादचा माल मार्केट यार्डामागच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरायचा आणि सहाला मोठ्या गाडीत चढायचा. खांबेट्यांनी स्कूटरला किक मारली, दीपाली न विचारता मागे बसली. हडपसरच्या गर्दीत शाल चाकात जाऊ लागली तेव्हा तिने ती ओढून घेऊन डिकीत कोंबली. पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. खोकी ओळीने रचून ठेवलेली आणि हमाल चहा पीत बसलेले. गोदामाचा मुकादम गेनबा वही घेऊन उभा होता.

"ही खोकी चढवू नका," खांबेटे म्हणाले. "माल नापास आहे."

गेनबाने कागद दाखवला. "पास हाय की. ही सही कुनाची?"

"माझी."

"मग?"

"ती चुकीची आहे."

"सायेब, सही तुमची, चूक तुमची, आन् गाडी माझी थांबवता व्हय? कंपनीचा फोन आना. न्हाईतर सहाला माल चढतोय."

कंपनीचा फोन येणार नव्हता. खांबेट्यांनी खोक्यांकडे पाहिलं, मग शेजारच्या बटाट्याच्या गाळ्यावरून पोत्यांवर नावं घालायचा जाड काळा मार्कर मागून आणला. गुडघ्यावर बसले आणि पहिल्या खोक्यावर, शाळेत गिरवलेल्या वळणदार अक्षरात लिहिलं:

'या खोक्यातील चाक नापास आहे. चढू नये, पडाल. पास केल्याची सही माझीच आहे. ती सत्कार चालू असताना, चष्मा न लावता केली होती. श्री. ना. खांबेटे, तपासनीस.'

खाली सही केली आणि दुसऱ्या खोक्याकडे सरकले.

गेनबाने ते मोठ्याने वाचलं. हमाल हसायला लागले. एकाने विचारलं, सत्कारात जेवण होतं का? खांबेट्यांचे कान लाल झाले. आपली चूक झाली हे वाक्य त्यांनी घरीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं आणि इथे ते अख्ख्या यार्डासमोर लिहून काढत होते, सहीसकट. तरी ते थांबले नाहीत. दीपाली पुढची खोकी फिरवून त्यांच्यासमोर आणत राहिली.

विसाव्या खोक्याला गेनबाचं हसू ओसरलं. "आवो, ह्ये लिवलेलं वाचून तिकडचा मानूस माल उतरून घ्यायचा न्हाई. परत आनायचं भाडं कोन देनार?"

"तेच तर," खांबेटे म्हणाले आणि एकविसावं खोकं ओढलं.

गेनबाने क्षणभर विचार केला. मग ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, की ही खोकी सोड, आधी कांदा भर. कंपनीलाही त्यानेच फोन लावला. तुमचा म्हातारा बसून खोक्यांवर निबंध लिहितोय, असं त्याने कळवलं.

दहा मिनिटांत शेफालींचा फोन आला. दीपालीने तो खांबेट्यांच्या कानाला धरला, कारण त्यांचे हात शाईने भरले होते. शेफालींचा आवाज पहिल्यांदाच चढलेला होता. आपण काय केलंत याची कल्पना आहे का, आपली नेमणूक रद्द, आपली नोकरीही गेली असं समजा, उद्यापासून शेडमध्ये पाऊल ठेवू नका.

खांबेट्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं. घरी जाऊन आनंदीबाईंना काय सांगायचं तेही डोक्यात येऊन गेलं. मग नाकावर घसरलेला चष्मा त्यांनी मनगटाने वर सरकवला.

"समजलो," ते म्हणाले. "कागद पाठवून द्या. वाचून सही करतो."