फुटक्या आवाजाचे नाणे

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९७४. ढगाळ. बोटे आखडली आहेत. बाजारात पालेभाजी कडू निघाली. दहा वाजता फिलोमेना नाणे घेऊन येणार.

एर्सिलियाने वही मिटली आणि दुकानाची फळी वर केली. रोममधल्या त्या बोळात ती आणि तिचा नवरा चाळीस वर्षे जुनी रोमन नाणी सोन्याच्या कोंदणात बसवत आले होते. नवरा गेल्यावर ती एकटीच बसवी. कान दोन वर्षांपासून गेले होते, पण हे तिने कुणाला कळू दिले नव्हते. कळले असते, तर काम गेले असते.

बेकरीवाल्या फिलोमेनाने रुमालातून चांदीचे नाणे काढले. तिची मुलगी निवेस ते गळ्यात घालायची. निवेस गेल्या वर्षी वारली. आता नातीच्या लग्नासाठी ते नव्या कोंदणात हवे होते.

जुनी चांदी आतून कधी कधी बिस्किटासारखी ठिसूळ झालेली असते. म्हणून आधी नाणे संगमरवरावर टाकून ऐकायचे. खणखणले तर कोंदणात दाबायचे, बद्द वाजले तर हात लावायचा नाही. एर्सिलियाने नाणे टाकले, मान तिरकी केली आणि थोडा वेळ तशीच थांबली.

"कसं आहे गं?"

"खणखणीत," ती म्हणाली.

मग तिने नाणे कोंदणात ठेवले आणि ते धरून ठेवणाऱ्या काठावरच्या आकड्या एकेक करून दाबल्या. तिसऱ्या आकडीला नाण्यावरच्या सम्राटाची मान तुटली. नाण्याचे दोन तुकडे झाले.

फिलोमेनाने तुकडे उचलून तळहातावर ठेवले.

"तुला ऐकू आलं होतं का गं?"

"नाही."

"मग इतके दिवस मी येऊन बडबडत होते, ते?"

"तुझे ओठ बघत होते."

"अगं बये," फिलोमेना हळूच म्हणाली, "मला सांगितलं असतंस, तर मीच ऐकलं असतं ना तुझ्यासाठी."

पैसे नकोत, नवे नाणे शोधून देते, असे एर्सिलिया म्हणू लागली. फिलोमेनाने मान हलवली. निवेसच्या गळ्यातले हे एकच होते. तिने तुकडे रुमालात बांधले आणि निरोप न घेता ती निघून गेली.

एर्सिलियाने चिमटे तेल लावून डब्यात ठेवले, फळी खाली ओढली आणि दारावरची पाटी उतरवली.

संध्याकाळी तिने वहीत लिहिले: दुकान आजपासून बंद. उद्यासाठी वाटीभर चणे भिजत घातले.