आप्पांच्या खोकल्यावर तालीम

बीडच्या हीना मॅडमच्या झुंबा क्लासला सत्यशीला पहिल्यांदा गेली ती गुडघे दुखतात म्हणून. वजन किती उतरलं देव जाणे, पण बाईला नाचाचा नाद लागला तो लागलाच. भाकरी थापतानाही पाय ताल धरायचे. सासू तुळजाबाई म्हणायची, "आगं, चुलीपुढं तरी गप बस, भाकर करपंल."

पण नाद वेगळा आणि काम वेगळं. आपण नाचलो की झालं, असं नसतं. बायांकडं तोंड करून शिकवायचं तर आपला डावा पाय टाकताना तोंडानं 'उजवा' म्हणावं लागतं, कारण समोरची बाई आरशासारखी चालते. पुढची चाल आधीच सांगावी लागते, न्हाईतर बाया एकमेकींवर आदळतात. स्वतःला धाप लागली तरी आवाज पडू द्यायचा नाही. हे सगळं सत्यशीलाच्या अंगात लोणच्यासारखं सावकाश मुरलं.

मग हीना मॅडमनं अंबाजोगाईला दुसरा क्लास काढायचं ठरवलं. इथली सकाळची तुकडी कुणाच्या तरी हाती द्यायची होती. मॅडम म्हणाल्या, "ताई, एक दिवस अख्खा क्लास तुमी घ्या. मी मागं उभी राहते. जमलं तर तुकडी तुमची."

सत्यशीला लगेच हो म्हणाली. माहेरी ती अमक्याची लेक होती, सासरी बजरंग ड्रायव्हरची बायको. 'सत्यशीलाचा क्लास' असं एकदा तरी कुणी म्हणावं, एवढीच हौस होती.

त्या दिवशी सुरुवात झकास झाली. बाया घामाघूम, गाणं रंगात आलेलं, आणि नेमके तेव्हाच सासरे, आप्पा, हॉलच्या दारात आले. तुळजाबाईला घेऊन ते नारायणगडाला दर्शनाला निघाले होते. घराची किल्ली द्यायची होती. आप्पा जुन्या वळणाचे. बायका असतील तिथं पाय ठेवायच्या आधी खोकायचं, म्हणजे आतल्या लेकीसुना सावरून घेतात. इतक्या वर्षांची रीत. आप्पा दाराआड थांबले आणि खोकले.

सत्यशीलाचे दोन्ही हात वर होते. त्यातला उजवा खाली आला, खांद्यावरून काहीतरी चिमटीत धरलं आणि डोक्यावर ओढलं. अंगात टी-शर्ट आणि ट्रॅकपँट. पदर होता कुठं? पण हात आपलं काम करून मोकळा झाला. आणि समोरच्या सगळ्या बायांनी डावा हात खाली आणून, तालात, डोक्यावर नसलेला पदर घेतला. पुढच्या रांगेतली बबिता तर म्हणाली, "ही नवी स्टेप लई सोपी हाय बाई! परत घ्या."

हीना मॅडम हसून हसून खालीच बसल्या. बाया गेल्यावर मात्र गंभीर झाल्या. "ताई, हसले ते मनावर घेऊ नका. पण आज तुकडी देत न्हाई."

"कावून, मॅडम? एकच हात तर चुकला."

"चुकला असता तर चाललं असतं. पण तो तुमचा हात नव्हताच, खोकल्याचा होता. तुमी जे करता ते एवढ्या बाया करतात. तुमचं अंग आधी तुमच्या हुकमात पाहिजे. महिन्यानं बघू."

घरी येईस्तोवर सत्यशीला रागानं धुमसत होती. उंबरा ओलांडला आणि राग विझला, कारण खरंच होतं ते. पदराशी तिचं वैर नव्हतं. आप्पा कधी वाकडा शब्द बोलले नव्हते. पण स्वतःचा हात आपल्याला न विचारता जातो, हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं. अजून काय काय न विचारता चाललंय, असंही मनात आलं.

संध्याकाळी दोघं गडावरून परतल्यावर तिनं तुळजाबाईला गाठलं आणि सगळं सांगितलं. तुळजाबाईनं तोंडाला पदर लावून हसून घेतलं आणि नवऱ्याकडं गेली. "अवं, रोज सकाळी ती अंगणात नाचंल. तुमी तवर खोकायचं."

"येडी झाली का तू? सुनंचा नाच बघत बसू मी?"

"बघायला कोण सांगतंय? लिंबाकडं तोंड करा अन् नुसतं खोका."

दुसऱ्या दिवसापासून अंगणातल्या कडुलिंबाकडं तोंड करून आप्पा खोकायला लागले. शेजारच्या वत्सलाबाईंना खरंच वाटलं. त्यांनी अडुळशाचा काढा आणला. "आप्पा, छातीचा फोटो काढून घ्या बरं." खरं सांगायची सोय नाही. आप्पांनी तो कडू काढा मुकाट गिळला.

आधी हात पार डोक्यावर जायचा, मग खांद्यापर्यंत, मग नुसती बोटं हलायची. एका सकाळी बोटंही हलली नाहीत. आप्पा खोकले. परत खोकले. मग पाठमोरेच म्हणाले, "गेला का हात?"

"न्हाई गेला, आप्पा."

"मग बास आता. घसा बसला माझा."

महिना झाला. हीना मॅडम पुन्हा मागं उभ्या राहिल्या. आणि कुणी बोलावलं नसताना आप्पा हॉलच्या दाराशी हजर! अंगणातली तालीम वेगळी, चारचौघींतली वेगळी, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. भर गाण्यात ते असे खणखणीत खोकले की बाहेरचं कुत्रं उठून पळालं.

सत्यशीलाचे हात वरच राहिले. पण समोर बघते तर पुढच्या रांगेतल्या निम्म्या बायांचे हात डोक्याकडं निघालेले. त्याही कुणाच्या तरी सुनाच की. ताल मोडायला आला.

"हात वर!" सत्यशीला ओरडली. "दारात कुणी का असंना, मी हाय ना समोर! माझ्याकडं बघा. वर!"

हात अर्ध्या वाटेवरून परतले, वर गेले, आणि गाणं संपेपर्यंत वरच्या वर नाचले. हीना मॅडमनं टाळी वाजवली नाही, नुसती मान हलवली. "सोमवारपासून तुमी सांभाळा, ताई."

संध्याकाळी सत्यशीला कणीक मळत होती. दाराशी आप्पा खोकले. हात कणकेतच राहिला. ती जरा थांबली, विचार केला, आणि मग सावकाश पदर डोक्यावर घेतला. आप्पा आत येऊन पाणी पिऊन गेले. त्यांना काही वेगळं वाटलं नाही. तुळजाबाई मात्र सुनेकडं बघत होती.

"पिठाचा हात लागला गं केसांना," ती म्हणाली. "ये, पुसून देते."