संघपालचा हॉर्सपॉवर

कोराडी रोडवरच्या टिनाच्या शेडमध्ये संघपाल गजभिये ट्रकचे डिझेल पंप दुरुस्त करायचा. नव्या गाड्या आल्या, त्यांच्यासोबत लॅपटॉपवाले मिस्त्री आले आणि शेडसमोर गाड्या लागायच्या बंद झाल्या. नेमानं येणारी एकच उरली, ती त्याच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याची, रविंद्रची.

रविंद्र उमरेडकडच्या खाणीतून कोराडीच्या वीज केंद्राला कोळसा टाकायचा. गाडी जुनी झाली होती. भरलेली असली की चढावर रांगायची आणि मागच्या गाड्यांची लाईन लागायची. ठेकेदारानं सांगून टाकलं, ‘ताकद वाढव, नाहीतर तुझी गाडी काढतो.’

"भाऊजी, मी वाढवून देतो," संघपाल म्हणाला. "चाळीस हॉर्सपॉवर. मशीनवर मोजून दाखवतो."

चाळीस हा आकडा त्याच्या तोंडात असाच आला होता. मग तोच आकडा त्यानं चहाच्या टपरीवर सांगितला, लॅपटॉपवाल्यांपुढे सांगितला. ते हसले. तेव्हापासून त्याला झोप लागेना.

गाडी खोलायच्या आधी त्यांनी ती बुटीबोरीच्या एका गॅरेजात नेऊन मोजून घेतली. तिथं जमिनीत रोलर बसवलेले होते. गाडी साखळ्यांनी बांधायची, मागची चाकं रोलरवर पळवायची. चाकांपर्यंत किती ताकद पोचते ते स्क्रीनवर दिसायचं. एकशे बत्तीस निघाले, म्हणजे आता एकशे बहात्तर करायचे होते. संघपालनं मग डिझेल फवारणारे मोठे नोझल बसवले, इंजिनात हवा भरणारा मोठा टर्बो जुन्या बाजारातून आणला, पंपातून जास्त डिझेल सोडलं आणि गाडी परत रोलरवर चढवली.

मशीन चालवणाऱ्या दीप्तीनं आकडा वाचला. "एकशे त्रेचाळीस."

"मशीन बराबर आहे ना, मॅडम?"

"मागच्या वेळीही याच्यावरच मोजलं होतं, भाऊ."

संघपालनं पंपाचा स्क्रू फिरवला. दुसऱ्या खेपेला एकशे चोपन्न आले, पण काळ्या धुरानं गॅरेज भरून गेलं.

दीप्ती खोकत म्हणाली, "हवा तेवढीच आहे, तुम्ही नुसतं डिझेल वाढवून राहिले. धुराचं तापमान पाहा किती चढलं. आता थांबा."

"बस झालं गा संघपाल," रविंद्र म्हणाला. "एवढ्यात भागते माझं. चल, खोल साखळ्या."

"नाही भाऊजी. एकच डाव अजून."

"काहून पण?"

 स्क्रू आणखी फिरवून संघपाल स्वतःच स्टिअरिंगवर बसला आणि त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. दीप्ती हात हलवून ओरडत होती. त्याला ती दिसत होती, पण त्याची नजर स्क्रीनवर होती. एकशे अठ्ठावन्न. एकशे एकसष्ट. आणि इंजिनात घणाचा घाव बसावा तसा आवाज झाला. पांढरा धूर उसळला. चाकं मंदावत थांबली. इंजिन थंड ठेवायला समोर लावलेला मोठा पंखा तेवढा घरघरत राहिला.

इंजिन उघडलं तेव्हा एक पिस्टन वितळून त्याला आरपार भोक पडलेलं दिसलं. रविंद्र बाजूच्या टायरवर बसला. त्यानं घरी फोन लावला. "भारती, गाडी गेली."

गॅरेज इतकं शांत होतं की पलीकडून बहिणीनं विचारलेलं संघपालला ऐकू आलं. "अन् संघपाल? त्याले तं काही नाही झालं ना?"

संघपाल उठून गॅरेजच्या मागं गेला आणि भिंतीला डोकं लावून रडला.

ठेकेदारानं दुसरी गाडी लावली. संघपालनं एकट्यानं इंजिन परत बांधलं, सगळं कंपनीच्या मापावर आणलं. गाडी चालू झाली, पण आता ती कुहीकडं सपाटीवर विटा वाहते, तेही कधीमधी. शेड बंद करून संघपाल वाडीला एका लॅपटॉपवाल्याच्या हाताखाली लागला. बहिणीच्या घरी जाणं त्यानं सोडलं.

एक दिवस भारतीच तिथं येऊन उभी राहिली. "जेवाले काहून येत नाही रे?"

"कोणतं तोंड घेऊन येऊ वं ताई?"

"तुझे भाऊजी बोलतील का नाही, मले माहीत नाही. तू ये."

तो गेला. त्याला पाहताच रविंद्र ताट उचलून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसला. भारतीनं भावाला वाढलं. त्यानं मान खाली घालून सगळं संपवलं. पण हात धुवायला ओट्यावरूनच जावं लागणार होतं, म्हणून तो उष्ट्या हातानं बराच वेळ तसाच बसून राहिला.